डोनलची जागा

कोटाच्या खिशात खुरपं आहे, हे शोभनाताईंच्या लक्षात बसमध्येच आलं.

“अहो, आपण बाग बघायला चाललोय ना? मग हे हत्यार कशाला?”

“असू दे,” श्रीरामराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बाहेर बघू लागले.

आयर्लंडमधलं मेनूथ गाव मागे पडलं होतं. शेतांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं आणि मेंढ्या त्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. फेब्रुवारीच्या त्या फिक्या उजेडात झाडं, कुंपणं, घरं, सगळंच कुणाला तरी अर्धवट आठवल्यासारखं वाटत होतं.

“घरी कुंडी सरकवा म्हटलं की गुडघे दुखतात तुमचे,” शोभनाताई म्हणाल्या. “आणि त्या ब्रीडच्या बागेत खुशाल उकिडवे बसता. बरं, हाताला यश तरी आहे का? तिनं दिलेल्या फुलाच्या एका कांद्याचे इतक्या वर्षांत दोन टिकले नाहीत आपल्याकडे.”



ब्रीडची बाग पुढच्या गावाच्या टोकाला होती. थंडी सरता सरता एका रविवारी ती फाटक उघडं ठेवी आणि कुठून कुठून स्नोड्रॉपवेडी माणसं येत. वीतभर उंचीची, मान खाली घातलेली पांढरी फुलं. परक्याला सगळी एकसारखीच दिसावीत. ही माणसं मात्र ओल्या गवतात गुडघे टेकून, एका बोटानं फुलाची हनुवटी उचलून आतला हिरवा ठिपका बघत आणि पाळण्यातलं मूल जागं होईल अशा बेतानं कुजबुजत. आवडलेलं फूल इथे कुणी विकत मागत नसे. ज्याचं असे तोच एखादा कंद हिरव्या पानांसकट काढून, ओल्या कागदात गुंडाळून हातात देई.

श्रीरामरावांना ब्रीडनं ओळखीच्या पहिल्याच वर्षी तसा एक कंद दिला होता. ‘डोनल’चा. डोनल म्हणजे तिचा नवरा. त्याला हे फूल एका पडक्या दफनभूमीच्या भिंतीशी सापडलं होतं. पाकळ्यांच्या टोकांना बाहेरूनही पुसट हिरवी छटा. तो गेल्यावर तिनं फुलाला त्याचं नाव दिलं. श्रीरामरावांखेरीज तिनं ते कुणालाच दिलं नव्हतं, आणि बागेत ते नेमकं कुठे लावलंय हेही तिच्याखेरीज त्यांनाच माहीत होतं.

मुलगा इंद्रनील आणि सून आपापल्या कामाला गेले की या देशात श्रीरामरावांचं बोलणं शोभनाताईंशी, नाहीतर ब्रीडशी. तिसरं माणूस नव्हतं. आज काही चुकलं तर त्यातलं एक कमी होणार होतं.

स्वयंपाकघरात चहा मांडला होता. कार्लोहून आलेला कॉर्मक खाता खाता सांगत होता, “विकलोमध्ये पुन्हा चोरी झाली. अख्खा पुंजका खणून नेला.”

“कुणी?” ब्रीडनं विचारलं.

“ओळखीतलाच असणार. परक्याला नेमकी जागा कशी कळेल? तू तुझा डोनल सांभाळ बाई. एकदा गेलाय, पुन्हा जायचा.”

“तो जिवंत होता तेव्हा मी फुकट द्यायला तयार होते,” ब्रीड म्हणाली. “कुणी नेला नाही.”

सगळे हसले. श्रीरामरावांनी कप ठेवून कोट सारखा केला. शोभनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे.

ब्रीडची नजर अलीकडे फार अधू झाली होती. माणसं तिला चेहऱ्यापेक्षा आवाजानं कळत. तिनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. “श्रीराम, या थंडीत माझे पाय तिथवर नेत नाहीत. बघून येशील? उठलाय का माझा म्हातारा?”

“उठला असेल.”

“ग्रँड! त्याला म्हणावं, मी अजून आहे.”

श्रीरामराव मागच्या दारानं निघाले. शोभनाताई पाठोपाठ गेल्या.

“ते खुरपं माझ्याकडे द्या,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

“नको.”

“अहो, या वयात लाज जाईल आपली. इंद्रनीलला काय सांगायचं?”

“कुणाला कळणार नाही. दरवर्षी कुठे कळतं?”

शोभनाताईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. “दरवर्षी?”

ते पुढे निघून गेले.

हेझलच्या झाडांखाली पांढरा थर पसरला होता. बर्फ पडायचा थांबून जमिनीपासून बोटभर वर तरंगत राहिला असावा, तसा. आवाज असा कसलाच नव्हता. चालताना आपलं वजन कमी झाल्यासारखं श्रीरामरावांना वाटलं. जुन्या भिंतीमागे वळल्यावर घर दिसेनासं झालं.

ते गुडघ्यांवर बसले. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. ब्रीडला कळलं तर, हा विचार दरवर्षी इथेच येई. ती आरडाओरडा करणार नाही, हे त्यांना माहीत होतं. नुसती गप्प होईल. ते सोसलं नसतं.

त्यांनी खुरपं काढलं. माती मऊ होती, सहज निघाली. खिशातला ओला कागद त्यांनी गुडघ्याशी उलगडला.

मागे काठी टेकल्याचा आवाज आला.

भिंतीला एक हात लावून, धापा टाकत ब्रीड उभी होती. तिच्यामागे शोभनाताई, तोंडावर पदर धरून. श्रीरामरावांची बोटं मातीनं काळी झाली होती आणि आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

 ब्रीड काठीनं चाचपडत जवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “या वर्षी तरी तुझ्या घरचे कंद जरा खोल लाव, श्रीराम. वरवर लावले म्हणूनच माझे सगळे केव्हाचे सुकून गेले.”