चौथ्या तोफेची खीळ

चाकाची खीळ हातात आली तेव्हा तोफखान्यात चिटपाखरूही नव्हतं. हंबीरराव जमादारांनी ते वीतभर लोखंड कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी जाताना वाटेतल्या विहिरीत सोडून दिलं.

खंडेनवमीची दुपार होती. घण, ऐरण, कानस, सगळी अवजारं झेंडूच्या माळा घालून पूजेला मांडलेली. उद्या दसऱ्याची मिरवणूक परत येईपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. म्हणजे नवी खीळ घडवायची सोय नाही. चौथ्या तोफेची खीळ गेल्याचं सिकंदर मिस्त्रीला दिसलं, तर तोफ जागची हलणार नाही. नाही दिसलं, तर भर मिरवणुकीत चाक निखळेल. कसंही झालं तरी म्हातारा कामावरून जाणार आणि त्याच्या जागी जमादारांचा भाचा कृष्णात येणार.

त्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलं तरी जमादारांच्या कपाळाला आठी पडायची. तोफा वर्षातून एकदा निघायच्या, बार काढून परत यायच्या. आणि हा दीडशहाणा दर शनिवारी तोफगाड्यांची चाकं उचलून आसाला वंगण घालायचा, चाक पाव फेरा फिरवून ठेवायचा, लोखंडी धावेवर टिचकी मारून कान लावायचा.

"उभ्या गाड्याला कसलं रं दुखणं?" जमादार विचारायचे.

"उभ्यालाच जास्त, साब. एकाच जागी भार पडतोय की."

"लई शिकवू नगंस मला."

तीस वर्षांत मिस्त्रीनं एकच काम धड केलं, असं जमादारांचं मत होतं. मोडीत काढलेल्या तोफगाड्याचा आस, चाकं, खिळी, सगळं त्यानं जमादारांच्या दमणीला बसवून दिलं होतं, तेही फुकट. तसली बैलगाडी अख्ख्या कोल्हापुरात दुसरी नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी जमादार त्याच दमणीतून तोफखान्यात आले. दमणी मागच्या आवारात सोडली आणि फेटा बांधायला मुद्दाम तासभर लावला. बाहेर येऊन बघतात तर चारही तोफा बैल जुंपून तयार. सिकंदर घामाघूम होऊन पुढं आला.

"साब, जरा बोलायचं हुतं. चौथ्या गाड्याची..."

"तोफ निघतीया का न्हाय, तेवढं सांग."

"निघतीया की. पर साब, परत जाताना..."

"मग हो बाजूला! तुझं पुराण सांजच्याला."

जमादारांना हसू आवरेना. म्हाताऱ्यानं दोरीबिरी बांधून वेळ मारून नेली असणार. दोरी किती टिकते ते आता गाव बघेल.

ते चौथ्या तोफेच्या मागून चालत राहिले. नजर चाकावर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव वरखाली होत होता. तोफ माळावर पोचली. बार झाले, लोकांनी सोनं लुटलं, तोफ परत फिरली. चाक तसूभरही सरकलं नाही. उलट वरच्या एका अधिकाऱ्यानं सिकंदरच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. जमादारांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मिरवणूक तोफखान्यात परतली. म्हातारा पूजेपुढं बसून घणावरची माळ उतरवत होता, भट्टी पेटवायला सांगत होता. सणाच्या दिवशीही याला ठोकाठोक सुचते! जमादारांनी मागच्या आवारात जाऊन स्वतःच बैल जुंपले आणि दमणी बाहेर काढली.

फाटकापासून रस्ता थेट उताराचा होता. उजवं चाक कुरकुरायला लागलं. माझ्या गाडीचं वंगणसुद्धा चोरलं वाटतं यानं, जमादार पुटपुटले.

तेवढ्यात मागून हाका आल्या. सिकंदर पळत येत होता, पायात वहाणा नाहीत, टोपी कुठं पडलेली.

"साब, थांबा! जरा थांबा!"

आता आला पाया पडायला. जमादारांना फार बरं वाटलं. पळू दे थोडा, तीस वर्षांची मस्ती उतरेल. त्यांनी कासरे सैल सोडले आणि दोन्ही बैलांवर सपासप चाबूक ओढला. दमणी उतारावर सुसाट सुटली.

मागून म्हातारा जिवाच्या आकांतानं ओरडला, "पळवू नगासा, साब! तोफंला तुमच्या दमणीची खीळ घातलीया, तुमच्या चाकात नुसती लाकडाची खुटी हाय!"