चौथं शील

"पाच मिनिटांच्या वर स्क्रीनवर नावापुढचा ठिपका पिवळा दिसता कामा नये. हिरवा म्हणजे तू आहेस, पिवळा म्हणजे तू नाहीस," असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. फार मऊ आवाजात सांगितलं होतं, म्हणूनच बहुधा प्राप्तीच्या कानातून ते जात नव्हतं.

कंपनी पुण्यात, प्राप्ती आगरदांड्याला. घरात नेट एकाच खिडकीत यायचं, त्यामुळे दीड वर्षं तिची खुर्ची त्या खिडकीशी दावणीला बांधल्यासारखी होती. समोर धक्का. दिघीची फेरीबोट भरे, सुटे, खाडी ओलांडून परत येई. तेवढ्यात प्राप्तीने कामाचं काही नसलं तरी ठिपका हिरवा राहावा म्हणून दहा-बारा वेळा माउस हलवलेला असे. बोटीला निदान पलीकडचा काठ तरी होता.

मागे टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. एआय किती जणांच्या नोकऱ्या घेणार, यावर चौघं एकदम बोलत होते.

"सकाळपास्नं हा बाबा 'ए आय, ए आय' करून वरडतोय," तिच्या सासूबाई, इंदूबाई, म्हणाल्या. "याची आय ओ देत न्हाय काय?"

"ते यंत्र आहे, आई. माणसाचं काम करतं."

"मंग तुझ्या जागी त्यालाच बसव की. आपण दिघीला जाऊ."

प्राप्ती हसली, पण तिने मान वर केली नाही. दिघीला इंदूबाईंची धाकटी बहीण आवडाबाई अंथरुणाला खिळून होती. डोक्याला सुनेलाही हात लावू द्यायची नाही. 'पौर्णिमेला येते आन् तुझं डोकं धुते,' असं इंदूबाईंनी तिला फोनवर कबूल केलं होतं. मोतीबिंदू काढल्यापासून त्या एकट्या बोटीत चढल्या नव्हत्या, म्हणून 'मी नेते तुम्हाला,' असं प्राप्तीने त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर दोन पौर्णिमा आल्या नि गेल्या. आज तिसरी. आवडाबाईचा फोनवरचा आवाज आता नीट ऐकूही येत नव्हता. प्राप्तीने दुपारनंतरची अर्धी रजा मागून ठेवली होती. उत्तर आलं नव्हतं.

अकराला नळाला पाणी आलं. ते अर्धा तासच टिकायचं.

"आई, जरा बसता इथे? हा माउस मधनंमधनं हलवत राहायचं."

"कालच्यासारखाच ना? पण कशापायी?"

"नाहीतर तो झोपतो."

"मी बसल्यावर झोपंल कसा!" इंदूबाई पदर खोचून बसल्या आणि पीठ चाळावं तसा त्यांनी माउस हलवायला घेतला.

तिसरा हंडा नळाखाली लावला आणि प्राप्तीला आतून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"न्हाय, न्हाय, प्राप्ती न्हाय. मी तिची सासू, इंदूबाई. ती पानी भरतेय. हां, हे मीच हलवतेय. कालबी मीच हलवलं. बिलकूल झोपू देत न्हाय मी त्याला."

प्राप्ती ओल्या हातांनी धावत आत आली. पडद्यावर साहेबांचा चेहरा होता. माउस हलवताना इंदूबाईंचं बोट दाबलं गेलं होतं आणि कॉल घेतला गेला होता.

"प्राप्ती," साहेब म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात, "आजी म्हणतायत ते खरं आहे?"

गेल्या महिन्यात टीममधल्या एकाने माउस टेबलफॅनला बांधला होता. सगळ्यांनी त्याच्या डोक्याचं कौतुक केलं होतं. आता तो टीममध्ये नव्हता.

"नाही, सर," प्राप्ती म्हणाली. "वय झालंय त्यांचं. हल्ली त्यांना काही कळत नाही. काहीही बोलतात."

साहेब हसले. "ओके, ओके. काळजी घे त्यांची. आणि ते अर्ध्या रजेचं आज नको. सहाला सगळ्यांचा कॉल आहे."

पडदा पुन्हा पहिल्यासारखा झाला. बाहेर हंडा भरून वाहत होता. इंदूबाई उठल्या, अंगणात गेल्या, त्यांनी नळ बंद केला.

सकाळीच दोघींनी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील घेतलं होतं. इंदूबाई पुढे म्हणायच्या, प्राप्ती मागोमाग. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याच्या आधी इंदूबाई रोज क्षणभर थांबायच्या. प्राप्तीला वाटायचं, दम लागत असेल.

आत आल्यावर इंदूबाईंनी कापडी पिशवी काढली. तिच्यात फणी घातली, खोबरेलाची बाटली घातली, शिकेकाईची पुडी घातली. वरून एक धुतलेला पंचा.

"आई, सहाचा कॉल झाला की जाऊ आपण. शेवटची बोट मिळेल."

"तू बस, बाय. तुझं काम हाय."

"अहो, पण एकट्या कशा जाल? तुम्हाला बोटीचं काही..."

पुढचे दोन शब्द जिभेवर आले होते. प्राप्तीने ओठ मिटले.

इंदूबाईंनी चपला पायात सरकवल्या. एकीचा अंगठा सुटला होता, तो वाकून बसवला.

"इचारीन कुणाला तरी," त्या म्हणाल्या.

धक्क्यावर त्यांनी आधी मोटारसायकली पुढे जाऊ दिल्या. एका माणसाला काहीतरी विचारलं, त्याने बोटीकडे हात केला. मग पिशवी छातीशी धरून, उतार पायाने चाचपत, त्या आत चढल्या आणि दिघीकडे तोंड करून कठड्याशी उभ्या राहिल्या.