निळा कप

"आजोबा, मी वाढले का?" वजनकाट्यावर उभ्या उभ्याच काडीने विचारलं.

मापकाकांनी आधी दाराकडे पाहिलं. बाई बाहेर मुलांची रांग लावत होत्या. मग त्यांनी हळू आवाजात नातीला दटावलं, शाळेत आजोबा म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं मापकाकाच म्हणायचं. काडीने जीभ चावली. आडनाव वेगळं असल्यामुळे ही त्यांच्या लेकीची मुलगी आहे, हे ना शाळेत कोणाला ठाऊक होतं, ना त्यांना या कामावर नेमणाऱ्या कंपनीत.

वाढली होती ती. वर्षाच्या सुरुवातीला फुंकर मारली तर उडून जाईल अशी पोर, आता गालांवर तजेला दिसत होता.

मापकाका आहारतज्ज्ञ. मुलांच्या माल्टच्या पेयांत साखरेखेरीज फारसं काही नसतं, हे सांगता सांगता त्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि ऐकणाऱ्यांनी घरी जाताना डबा विकत घेतला होता. म्हणून अशाच एका पेयाच्या कंपनीने पारख करायला बोलावलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं.

बेत सोपा होता. अर्ध्या मुलांना रोज निळ्या कपातून द्यायचं, अर्ध्यांना पिवळ्या. एकात कंपनीची पावडर, डब्यावर लिहिल्याप्रमाणे नुसत्या पाण्यात कालवलेली. दुसऱ्यात दूध, रंग टाकून तसंच दिसणारं. कोणत्या कपात काय, हे फक्त कंपनीच्या साहेबांना माहीत. मोजणाऱ्याला ते कळलं, तर सगळी पारख बाद. हा नियम साहेबांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावला होता.

पहिल्याच सकाळी, मुलं यायच्या आधी, मापकाकांनी झाकणं उघडून वास घेतला. माल्टचा तो खरपूस वास त्यांच्या नाकाला चांगला ओळखीचा होता. पिवळ्यात पावडर. आणि काडीच्या नावाची चिठ्ठी पिवळ्या कपावर.

पोरीच्या अंगी काही लागत नव्हतं. असंच चाललं तर पुढे जड जाईल, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून लेक काळजीने अर्धी झाली होती. मापकाकांनी चिठ्ठी काढून निळ्या कपावर लावली. त्या निळ्या कपावरची चिठ्ठी होती ठमीची. ती पिवळ्यावर गेली. ठमी गुबगुबीत, हसरी. तिला काय फरक पडणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

फरक पडला. मोजपट्टीखाली ठमी उभी राहिली की रेघ जागची हलायची नाही. दाढा किडल्या. हसताना ती तोंडावर हात धरायला लागली. तिचं माप घेताना मापकाकांना स्वतःची लाज वाटायची. एकदा निकाल लागू दे, मग अशा कितीतरी ठम्यांच्या हातातला डबा सुटेल, एवढाच त्यांना आधार होता.

वर्ष संपलं आणि ते साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. निळ्या कपाची मुलं वाढली, पिवळ्याची खुरटली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. निळ्या कपातलं पेय मुलांना पोषक आहे, एवढं लिहून खाली सही कराल का, असं विचारलं.

"आनंदाने," मापकाका म्हणाले आणि सही केली. साहेबांचा चेहरा आता पडेल, मग पडेल, म्हणून ते वाट बघत राहिले.

साहेबांनी कागद खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

"अभिनंदन. निळ्या कपात आपलंच पेय होतं," ते म्हणाले. "ती काडी म्हणतात ना, तिचा फोटो डब्यावर छापू. सगळ्यांत छान तीच वाढली."

मापकाकांच्या डोळ्यांपुढे तोंडावर हात धरलेली ठमी आली. ते ताडकन उठले.

"खोटं आहे हे. निळ्यात दूध होतं."

साहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"ते तुम्हाला कसं ठाऊक, आजोबा?"