टिकला का?

महानंदा अहमदाबादला संशोधक होती. सूर्यासारखा तापलेला वायू चुंबकांच्या कड्यात किती वेळ टिकेल, याचं गणित ती कॉम्प्युटरवर करून बघायची. सुट्टीला सोलापूरला आली की नवी पेठेतल्या कापडदुकानात तिचे वडील सिद्रामप्पा गिऱ्हाइकाला थांबवून आधी विचारायचे, "टिकला का गं?"

"न्हाई अप्पा. कड्याच्या भिंतीला टेकला नि विझला."

शहात्तरच्या दिवाळीत मात्र तिला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी विचारलंच नाही. नुसताच चहा सांगितला.

शेवटी तीच म्हणाली, "अप्पा, या खेपेला मीच बंद केला."

"का गं? बिघडलं काय?"

"न्हाई. विझेचना की. आणि कॉम्प्युटरवर पुढच्या माणसाचा नंबर आला होता."