ताटात पाणी

“पाणी वाढवलं की पक्षी वाढायला हवेत ना?” दुर्बीण डोळ्यांना लावून तलाव अधिकारी कुरकुरले. समोर तलाव काठोकाठ भरलेला. पक्षी मात्र औषधालाही नव्हता.

बरं, हा पराक्रम त्यांचाच! पुढच्या आठवड्यात मंत्रीबाई पक्षी बघायच्या नव्या मनोऱ्याचं उद्घाटन करायला येणार होत्या. तलाव कसा भरलेला, शोभिवंत दिसायला हवा, म्हणून साहेबांनी पाणी बाहेर सोडणारे दरवाजे घट्ट बंद करवले होते. आता पक्षीच नसले तर मनोऱ्यावर चढून बघायचं काय, पाणी? नाक कापलं जाणार ते जाणारच, पण तोंडाशी आलेली बढतीही हातची जाणार होती.

“अहो, त्यांच्या ताटात पाणी ओतलंत तुम्ही,” बायको म्हणाली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. “लांब पायांचे पक्षी हे. उथळ पाण्यात उभं राहून चिखलातले किडे टिपतात. काठचा चिखलच बुडवलात, मग खायचं काय त्यांनी, तुमचं कपाळ?”

एरवी बायकोचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण आता अगदी गळ्याशी आलं होतं. साहेबांनी गुपचूप दरवाजे उघडायला लावले. पाणी उतरत गेलं, काठ उघडे पडले आणि उद्घाटनाच्या सकाळी चिखलात पक्ष्यांची ही गर्दी! साहेबांचा जीव भांड्यात पडला. बायकोला ते चक्क म्हणाले, “तुझंच खरं होतं गं.”

मंत्रीबाई मनोऱ्यावर चढल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. “वा! केवढे हे पक्षी! आता सगळेच तलाव तुम्ही सांभाळायचे. बढतीच्या कागदावर आजच सही करते.” मग त्यांचं लक्ष खाली गेलं. कपाळाला आठी पडली. “पण हा चिखल काय हो? बिचारे चिखलात उभे आहेत!”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. सांगा, सांगून टाका, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. साहेबांना आता सगळं ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला.

“चूक झाली, ताई,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी याल तेव्हा इथे पाण्याशिवाय काही दिसणार नाही.”