दुखणं ओळखणारे डॉक्टर

डॉ. ऋतुराज सबनीस परदेशात, अल्बनी गावात, जनावरांचा दवाखाना चालवतात. मुक्या जनावराचं दुखणं ओळखायचं आणि थांबवायचं, यात त्यांची वीस वर्षं गेली. तिथल्या रिवाजाप्रमाणे कोकराची शेपटी कापण्याआधी भूल द्यायला त्यांनी आसपासच्या कितीतरी फार्मवाल्यांना राजी केलं. दवाखान्यातल्या नर्सला, अस्मिताला, ते नेहमी सांगायचे, "मेंढी ओरडत नाही. समोरच्याची भीती असली की ती दुखणं लपवते. आपण तिचा चेहरा वाचायचा."

रविवारी मराठी मंडळींनी हॉल घेऊन त्यांचा सत्कार केला. फोटोसाठी सरांनी बायकोच्या, देवयानीच्या, खांद्यावर हात ठेवला. फोटो अस्मिता काढत होती. देवयानी हसली खरी, पण नुसत्या ओठांनी. सरांनी हात काढेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

जेवणं सुरू झाल्यावर अस्मिताने तिला हॉलच्या किचनमध्ये एकटीला गाठलं.

"वहिनी, खांदा फार दुखतोय ना? फोटो काढताना मला दिसलं. सरांच्या लक्षात कसं आलं नाही?"

देवयानीने दाराकडे एकदा पाहिलं आणि हातातला श्रीखंडाचा डबा ओट्यावर ठेवला.



"येतं गं लक्षात. दुखलंय याची खात्री पटली, की मगच ते थांबतात."