स्टेलाच्या नावाची हाक

चर्चच्या भिंतीवर गलबत वाचल्याचं नवसाचं चित्र टांगून झालं आणि पहिली कुरकुर गलबतावरच्या शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्यानंच केली. शिडं पुढे फुगलीत, मग निशाण मागं कसं फडकतंय? चितारी बिचारा जन्मात गलबतावर चढला नव्हता. असंच छान दिसतं, म्हणाला. कप्तान जेरोनिमो हसला. वारा प्रभूच्या माईनं दिलेला, तिला दोन्हीकडून देता येतो, असं म्हणून त्यानं वाद मिटवला.

मग त्यानं सगळ्या कामोली गावासमोर हकीकत सांगितली. कॉर्सिकाच्या पलीकडे वारा साफ पडलेला. शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबतायत, आणि मागून चाच्यांची नाव वल्ही मारत येतेय. इतकी जवळ, की वल्हेकऱ्यांचा ढोल ऐकू यायला लागला. सापडलो असतो तर अल्जिअर्सच्या बाजारात गुलाम म्हणून उभे राहिलो असतो. तेवढ्यात सुकाणूवरचा पेल्लेग्रो, एरवी दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा बोलणारा, तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "स्टेला!"

"समुद्राची चांदणी, आपली माई, स्टेला मारिस!" कप्तानानं चित्राकडे हात केला. "आम्ही दर रविवारी ही टेकडी चढून प्रार्थनेला येणारी माणसं, आणि माईची आठवण झाली ती ह्याला. लाज वाटली आमची आम्हाला. मग सगळं गलबत ओरडायला लागलं, स्टेला, स्टेला. आणि वारा आला."

बायकांनी डोळे पुसले. दोरखंडवाल्या लूकाच्या बायकोनंही पुसले. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलीचे मात्र कान तापले. तिचं नाव स्टेला.

पेल्लेग्रोला ती ओळखून होती. प्रार्थनेच्या वेळी हा खांबाला टेकून डुलक्या काढायचा. आणि माईला नुसतं स्टेला म्हणतं कोण? म्हणायचंच तर अख्खं स्टेला मारिस म्हणतात, नाहीतर सरळ मादोन्ना. दोन वर्षं हा दोर बघायच्या निमित्तानं बाबांच्या कारखान्यात येत होता. दोर हातात घ्यायचा, हवा कशी आहे ते सांगायचा आणि निघून जायचा. इकडे शेजारच्या रेक्को गावच्या पाववाल्याला येत्या रविवारी लग्नाला हो की नाही ते कळवायचं होतं. माणूस चांगला होता. बाबांनी सगळं तिच्यावर सोडलं होतं. पण मुक्या माणसाची वाट तरी किती बघायची?

पाद्रीबाबांनी मोठी मेणबत्ती पेल्लेग्रोच्या हातात दिली. पहिला मान त्याचा. त्यानं ती तापलेल्या कढईसारखी धरली.

लोक खायला-प्यायला अंगणात गेले. स्टेला मागं रेंगाळली. पेल्लेग्रो अजून मेणबत्ती धरून चित्रासमोर उभाच होता.

"पेटवली का नाहीस?" तिनं विचारलं.

"माझा मान नाही तो." त्यानं दाराकडे बघून घेतलं. "मी माईला हाक मारली नव्हती."

"मग कुणाला मारलीस?"

"आता तेही मीच सांगू?"

"तूच. रेक्कोचा पाववाला त्याचं सगळं स्वतः सांगतो."

पेल्लेग्रोनं मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुला. वाटलं, आता काही आपली भेट होत नाही. एकदा तरी नाव मोठ्यानं घ्यावं म्हटलं. मला काय ठाऊक, सगळं गलबत ओरडायला लागेल!"

स्टेलाला हसू आवरेना. ते सगळे दाढीवाले बाप्ये, शिडं शिवणारा म्हातारासुद्धा, भर समुद्रात तिच्या नावानं गळे काढतायत! ती तोंडावर हात धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिची नजर चित्रावर गेली.

खाली चाच्यांची नाव, तिची काळी वल्ही. वर ढगातून माई वाकलेली, हातातलं काम टाकून उठावं तशी, पदर घसरलेला. स्टेलाचं हसणं थांबलं. ही हाक आपल्याला नाही म्हणून माई ढगात बसून राहिली असती तर? तर हा मुका, हा आपला मुका, आज समोर उभा नसता. दुसऱ्याच्या नावाची हाक आणि तरी ती उठली.

"पाद्रीबाबांना सांगून टाकू का?" पेल्लेग्रोनं घाबरत विचारलं. "चित्र काढून टाकतील?"

तिनं त्याच्या हातातली मेणबत्ती घेतली, दिव्यावर पेटवली आणि चित्राखाली नीट उभी केली. डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"माई," ती म्हणाली, "हाक मला होती. धावलीस तू."